ॲलर्जीचं औषध विम्यातून निघालं की फिरणारा मेसेज, आणि त्यातल्या पाच चुका

ॲलर्जीचं औषध विम्यात बसेनासं झालं, म्हणजे विमा कंपनी त्याचे पैसे देईनाशी झाली, की एक मेसेज हमखास हातात पडतो. मला तो वर्षभरात तिघांनी पाठवला, तिघांनीही काळजीपोटी. त्यात लिहिलंय: विमा कंपनीने औषध काढलं म्हणजे त्यात खोट सापडली असणार, जेनेरिक (म्हणजे त्याच घटकाची, दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी) घ्याल तर त्यात ऐंशी टक्केच औषध असतं, त्यापेक्षा झोप आणणारी जुनी गोळी स्वस्त आणि जालीम, नाक चोंदलं तर सर्दीची मिश्र गोळी घ्या, आणि हेही परवडत नसेल तर गोळी सरळ बंद करा, सवय मोडेल.

मला धुळीची आणि परागकणांची ॲलर्जी आहे, पंधरा वर्षं झाली. माझी गोळी विम्यातून निघाली तेव्हा मी चार महिने तीच, त्याच नावाची, खिशातून पैसे भरून घेत राहिले. मग एका केमिस्टने डबी उलटी करून मागे बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव दाखवलं आणि त्याच घटकाची दुसरी डबी शेजारी ठेवली. ते चार महिने मला अजून खटकतात. म्हणून हा मेसेज मुद्देवार खोडून काढते आहे.

“विम्यातून काढलं म्हणजे औषधात खोट आहे.”

बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. ॲलर्जीची गोळी विम्यातून निघण्याचं एक मोठं कारण म्हणजे ती चिठ्ठीशिवाय मिळू लागते. चिठ्ठी लागत नाही, तर आम्ही पैसे का द्यावेत, हा विमा कंपन्यांचा हिशेब. अमेरिकेत हे अगदी उघडपणे घडलं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विमा कंपनीनेच तिथल्या औषध नियामक संस्थेकडे, म्हणजे एफडीएकडे, अर्ज केला की लोराटाडिन, सेट्रिझिन आणि फेक्सोफेनाडिन ही ॲलर्जीची तिन्ही औषधं चिठ्ठीमुक्त करा. २००१ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने ती चिठ्ठीशिवाय विकण्याइतकी सुरक्षित असल्याचा कौल दिला. लोराटाडिन २००२ मध्ये खुलं झालं, सेट्रिझिन २००७ मध्ये, फेक्सोफेनाडिन २०११ मध्ये. औषध पुरेसं सुरक्षित ठरलं, म्हणून चिठ्ठी गेली, आणि चिठ्ठीबरोबर विमाही गेला.

दुसरं कारण असतं विमा कंपनीची औषधयादी, म्हणजे ती ज्या औषधांचे पैसे देते त्यांची यादी, बदलणं. तेव्हा यादीत त्याच गटातलं दुसरं औषध बहुधा असतं, पण ते आपणहून कोणी सांगत नाही. फोन करून नेमकं विचारा: “या औषधाऐवजी याच गटातलं कोणतं औषध यादीत आहे?” हा प्रश्न मी चार महिने उशिरा विचारला.

“जेनेरिकमध्ये ऐंशी टक्केच औषध असतं.”

या वाक्यावर थोडा वेळ घालवते, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे यात जातात आणि ऐंशीचा आकडा पूर्ण हवेतला नाही. तो चुकीच्या जागी चिकटवला आहे.

जेनेरिकला मान्यता देताना निरोगी माणसांना एकदा मूळ गोळी आणि एकदा जेनेरिक देतात आणि रक्तात औषध किती चढलं, किती वेळ राहिलं हे मोजतात. मग दोन्हींचं गुणोत्तर काढतात. हे गुणोत्तर मोजताना जी अनिश्चितता राहते ती धरून त्याचा संपूर्ण पट्टा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. सरासरीच ऐंशीला टेकली, तर पट्ट्याचा खालचा अर्धा भाग मर्यादेबाहेर जातो आणि औषध नापास होतं. म्हणजे पास होणाऱ्या औषधाची सरासरी शंभराच्या जवळच असावी लागते. एफडीएने १९९६ ते २००७ या काळातल्या अशा २,०७० चाचण्या तपासल्या. रक्तात एकूण किती औषध पोचलं, यात मूळ गोळी आणि जेनेरिक यांच्यातला सरासरी फरक निघाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आणि गोळीत घटक किती मिलिग्रॅम आहे, ही कसोटी वेगळी. दहा मिलिग्रॅम छापलं तर दहाच्या आसपासच भरलं पाहिजे.

एक खरी अडचण मात्र मान्य करते. गोळीचा रंग, साखर, लॅक्टोज, वरचं आवरण हे कंपनीगणिक बदलतं. क्वचित एखाद्याला त्यातलंच काही सोसत नाही. तसं झालं तर दुसऱ्या कंपनीचं जेनेरिक घ्या, लगेच महागड्या नावाकडे परतायची गरज नाही.

घटकाचं नाव वाचायची सवय लागली की आणखी एक दार उघडतं. लेव्होसेट्रिझिन हा सेट्रिझिनचाच एक भाग आहे. सेट्रिझिनच्या रेणूची दोन आरशातली रूपं असतात, त्यातलं काम करणारं रूप वेगळं काढून नवीन औषध म्हणून आणलं. त्यामुळे त्याची पाच मिलिग्रॅमची गोळी साधारण दहा मिलिग्रॅम सेट्रिझिनचं काम करते. डेस्लोराटाडिन म्हणजे लोराटाडिनचं शरीरात गेल्यावर होणारं रूप. ‘नवीन’ औषध विम्यातून निघालं असेल, तर डॉक्टरांना विचारा, त्याचं जुनं भावंड चालेल का. बहुतेकांना चालतं.

“झोप आणणारी जुनी गोळी स्वस्त आणि जालीम.”

क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही ती औषधं. एका गोळीची किंमत कमी असते हे खरं. पण तिचा असर चार-सहा तासांत उतरतो, म्हणजे दिवसाला तीन-चार गोळ्या. सेट्रिझिन, लोराटाडिन दिवसातून एकदाच. पाकिटावरची किंमत पाहू नका, दिवसाचा खर्च काढा. बरेचदा स्वस्ताई तिथेच संपते.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट डोक्याची आहे. ही औषधं मेंदूत शिरतात. आयोवा विद्यापीठात ॲलर्जी असलेल्या ४० चालकांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवून केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचं गाडी चालवणं दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट निघालं, फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांचं औषधाविना असल्यासारखं. त्यातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही की आपल्याला किती गुंगी आलीय, हे चालकांचं स्वतःचं मत फारसं विश्वासार्ह नव्हतं. “मला तर काही होत नाही” असं म्हणणाऱ्या माणसाचीच जास्त काळजी वाटते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर हा सल्ला कधीच देऊ नका. त्यांना या गोळ्यांनी लघवी अडते, तोंड कोरडं पडतं, गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी वृद्धांनी टाळायच्या औषधांची यादी काढते, त्यात या गोळ्या आहेत.

नव्या गोळ्यांतही फरक आहे: सेट्रिझिनने काहींना सुस्ती येते, लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिनने फार कमी. फेक्सोफेनाडिन मात्र पाण्याबरोबरच घ्या. फळांच्या रसाबरोबर ते अंगात नीट शोषलं जात नाही, आणि मग पैसेही गेले, औषधही.

“नाक चोंदलं तर मिश्र गोळी घ्या.”

मिश्र गोळीत नाक मोकळं करायला बहुधा फेनिलेफ्रिन असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते अशा औषधांतून काढायचा प्रस्तावही मांडला. जास्तीचे पैसे नेमक्या त्याच घटकाचे असतात.

चोंदलेल्या नाकाला गोळीपेक्षा नाकातला स्टेरॉइड स्प्रे जास्त लागू पडतो: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड. यांचीही जेनेरिकं आहेत. तो लगेच काम करत नाही, पुरा गुण यायला काही दिवस ते एखाद-दोन आठवडे लागतात. लोक दोन दिवसांत “उपयोग नाही” म्हणून बाटली टाकून देतात. स्प्रे मारताना नळी मधल्या पडद्याकडे नाही, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला वळवा. उजव्या नाकपुडीला डावा हात वापरला की हे आपोआप होतं. मारल्यावर जोरात ओढू नका, औषध घशात जातं. नाक झटक्यात मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे थेंब ही वेगळी गोष्ट आहे. ते तीन-चार दिवसांवर गेले की नाक त्यांच्यामुळेच चोंदायला लागतं आणि बाटलीमागून बाटली आणावी लागते.

“परवडत नसेल तर सरळ बंद करा.”

सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन रोज, महिनोन्‌महिने घेत असाल, तर एका झटक्यात बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला. मे २०२५ मध्ये एफडीएने इशारा दिला की दीर्घकाळ रोज घेतल्यावर ही औषधं थांबवली, तर काही जणांना अंगभर भयंकर खाज सुटते. हे दुर्मीळ आहे. पण विमा संपला म्हणून गोळी अचानक बंद करणारी माणसं नेमकी याच गटातली, आणि त्यांना वाटतं की ॲलर्जी बळावली. बंद करायचीच असेल तर हळूहळू कशी कमी करायची ते विचारून घ्या. ज्यांना ठरावीक मोसमातच त्रास होतो, त्यांनी मोसमाच्या थोडं आधी सुरू करून मोसम संपला की थांबवणं हा खर्च कमी करायचा सरळ मार्ग आहे.

कोणी या गोळ्यांऐवजी माँटेलुकास्ट (दम्यासाठीही देतात ते वेगळ्या गटातलं औषध) सुचवलं तर थांबा. त्याने मनावर, झोपेवर, वागण्यावर गंभीर परिणाम होऊ शकतात म्हणून २०२० मध्ये एफडीएने त्यावर सगळ्यात कडक इशारा लावला आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठी ते इतर औषधं चालत नसतील तरच वापरा, असं सांगितलं.

आणि दम्याचा रोजचा इन्हेलर, किंवा जीवघेण्या ॲलर्जीसाठी जवळ ठेवायचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन, यांना हा “बंद करा” सल्ला लावूच नका. ॲलर्जीच्या झटक्यात घसा सुजायला लागला तर सेट्रिझिन कामाला येत नाही, एपिनेफ्रिनच लागतं. ही दोन औषधं विम्यातून निघाली तर विमा कंपनीकडे लेखी अपील करा. डॉक्टरांकडून पत्र घ्या, त्यात निदान, आधी कोणती औषधं चालली नाहीत आणि हे नसेल तर काय होऊ शकतं हे स्पष्ट लिहून मागा. उत्तर यायला वेळ लागेल, म्हणून हातातलं इंजेक्शन संपायच्या किंवा त्याची मुदत उलटायच्या आत अर्ज करा, आणि दरम्यान डॉक्टरांना त्याच औषधाचं जेनेरिक इंजेक्शन लिहून द्यायला सांगा.