घरबसल्या टायट्रेशन

मोबाइलवर रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल कसं होतं, असं कोणी विचारलं की मी सांगतो, छान होतं. ब्युरेट (तोटी असलेली, मापाच्या खुणांची काचनळी) फुटत नाही, ॲसिड हातावर सांडत नाही आणि सगळ्या वर्गाचं रीडिंग एकच येतं.

मार्च 2020 मध्ये होस्टेल रिकामं करून दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी आलो, तेव्हा आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे असं समजून जर्नल खोलीतच ठेवलं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. माडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि पुढे कित्येक आठवडे गाव अंधारात. या काळात ऑनलाइन शिक्षणाबद्दल माझं मत अत्यंत अनुकूल होतं. वीज आली, टॉवर सुरू झाला, आणि ते बिघडलं.

घरात रेंज येत नसे. ती वर सड्यावर, जांभ्या कातळाच्या एका कोपऱ्यावर यायची, म्हणून गावातलं सगळं उच्च शिक्षण तिथे छत्र्या उघडून बसायचं. शेजारच्या बी.कॉम.वाल्याच्या सरांचा ताळेबंद माझ्या मोलॅरिटीत मिसळायचा. पलीकडे चुलतबहीण. ती शेवटच्या वर्षाला. परीक्षा होणार नाही म्हटल्यावर तिने पुस्तकं माळ्यावर टाकली होती. 6 जुलैला यूजीसीने परीक्षा घ्या म्हटलं, पुस्तकं खाली आली. मग प्रकरण कोर्टात गेलं, पुस्तकं पुन्हा वर. 28 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितल्यावर काकूने माळ्याची शिडीच काढून ठेवली.

आमचे सर मात्र मनापासून शिकवायचे. रिकाम्या लॅबमध्ये ते एकटे उभे, समोर मोबाइल धरून शिपाईमामा. विषय टायट्रेशन: ॲसिडमध्ये फेनॉल्फ्थॅलिन हा सूचक घालायचा, ब्युरेटमधून अल्कली सोडायची आणि रंग येईपर्यंत ती किती लागली ते मोजायचं. "फेनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. आता अल्कली सोडतोय, थेंब... थेंब... फ्लास्क हलवत राहायचा... हा बघा, आला फिका गुलाबी! दिसला?"

"हो सर," सगळे म्हणाले.

डेटा वाचवायला आम्ही व्हिडिओ सगळ्यात खालच्या दर्जावर ठेवलेला. त्यात ॲसिड, अल्कली आणि सरांचा चेहरा एकाच राखाडी रंगाचे. शेवटी एका प्रामाणिक मुलीने तोंड उघडलं, "सर, मामांचा अंगठा दिसतोय फक्त." ती पुढे एम.एस्सी.ला गेली, यात मला काही नवल वाटलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर रीडिंग आलं. पायलट, म्हणजे अंदाजाचं रीडिंग 9 ते 10. मग 9.8, 9.8, 9.8. सी.बी.आर., म्हणजे सारखं आलेलं रीडिंग, 9.8 मिली. खाली सरांची सूचना: 'सर्वांनी हेच जसंच्या तसं लिहू नये. थोडाफार फरक असावा.' सूचना आम्ही तंतोतंत पाळली. सगळ्या वर्गाने 9.9 लिहिलं.

आई मला कातळावरून भिजून येताना बघायची आणि विचारायची, "काय शिकवलं रे आज?" मी म्हणायचो, गुलाबी रंग. बालवाडीतही तेच शिकवलं होतं, असं तिचं म्हणणं. मला उत्तर सुचायचं नाही.

15 फेब्रुवारी 2021 ला राज्यातली कॉलेजं निम्म्या उपस्थितीने उघडली. लॅबमध्ये ब्युरेट हातात घेतली, तोटी हळूच फिरवली, आणि फ्लास्कमध्ये खरोखरच गुलाबी रंग आला. इतका नाजूक, की मी दोनदा मास्क खाली करून बघितलं आणि दोनदा ओरडा खाल्ला. रीडिंग आलं 11.3.

"चुकलं तुझं," शेजारचा पार्टनर आपली ब्युरेट बघून म्हणाला, "पण माझंही 11.3च येतंय."

सर जवळ आले. "अरे, बरोबर आहे. सोल्यूशन आज नवीन केलंय, तीव्रता वेगळी आहे."

सर पुढच्या टेबलाकडे वळेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो. मग पार्टनरने जर्नल उघडलं आणि कुजबुजला, "रिस्क नको." दोघांनीही 9.9 लिहिलं.