आधी स्ट्रट बार, बुश नंतर बघू? गणित उलटं आहे

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘वळणावर गाडीची बॉडी पिळते, म्हणून सगळ्यात आधी स्ट्रट बार लावा. बॉडी रोल निम्मा होईल. कंपनीचे रबरी बुश म्हणजे पैसे वाचवायची युक्ती. पुढेमागे सगळे पॉलीयुरेथेनचे टाका, आयुष्यभर जातील. पटत नसेल तर बार लावून ताम्हिणी घाटात एक चक्कर मारा, स्टिअरिंग हातालाच सांगेल. आणि बार उपयोगाचा नसता तर कंपन्यांनी आपल्या स्पोर्ट मॉडेलला कशाला लावला असता?’ सोबत बोनेटखाली चमकणाऱ्या लाल दांडीचा, म्हणजे स्ट्रट बारचा फोटो. (बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे रबरी तुकडे, आणि पॉलीयुरेथेन म्हणजे रबरापेक्षा कडक असा प्लास्टिकसारखा पदार्थ.)

बॉडी पिळते, एवढं यातलं खरं. बाकी क्रमही उलटा आणि कारणंही चुकीची. मी बोलतोय ते आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांबद्दल. स्विफ्ट, पोलो, आय-२०, सिटी: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), मागे ट्विस्ट बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी, पिळू शकणारी आडवी तुळई), डोक्यावर पोलादी छत.

बॉडी रोलचा मुद्दा दोन वाक्यांत निकालात निघतो. स्ट्रट बार एका टॉवरला (बॉडीत स्ट्रटचं वरचं टोक बसतं ती जागा) दुसऱ्या टॉवरशी बांधतो. चाक आणि बॉडी यांच्यामध्ये तो येतच नाही, मग गाडीचं कलणं अडवणार कुठून? ते काम स्प्रिंगचं आणि अँटी-रोल बारचं (डावं-उजवं चाक जोडून कलण्याला विरोध करणारी दांडी), आणि कलायला किती वेळ लागेल ते शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठरवतो.

आता पिळण्याचं. इथे जरा थांबायला हवं, कारण मेसेजचा सगळा डोलारा यावर उभा आहे. वळणावर टायरला रस्त्याकडून बाजूचा जोर बसतो. तो बॉडीपर्यंत दोन वाटांनी जातो: खालून लोअर आर्ममधून (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा हात) आणि वरून स्ट्रटच्या टॉप माउंटमधून (टॉवरमधला वरचा सांधा). समजा आर्मला चाकाशी जोडणारा खालचा बॉल जॉइंट जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आहे आणि टॉप माउंट ८० सेंटिमीटरवर. टायरला ३०० किलोचा जोर बसला, तर साध्या तरफेच्या हिशोबाने टॉप माउंटवर १०० किलो येतात, तेही उलट्या दिशेने. म्हणून लोअर आर्मला ३०० नव्हे, ४०० किलो पेलावे लागतात. आकडे गाडीगणिक थोडे बदलतील, पण चित्र हेच राहील. बार लागतो तो कमी जोराच्या जागी, आणि चौपट जोराच्या जागी बसलेले असतात बुश.

त्यात आणखी एक गोम आहे. वळणावर बाहेरचं आणि आतलं, दोन्ही चाकं आपापल्या टॉवरला एकाच दिशेने, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलतात. मधली दांडी त्या दोघांमधला फरक तेवढा वाटून घेते. दोन्ही टॉवर मिळून एका अंगाला झुकत असतील, तर दोन टोकांना बोल्ट लावलेली सरळ दांडी त्यांच्यासोबत झुकते. ते अडवायचं तर बारची तिसरी टांग मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बांधायला हवी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बारना ती नसते. बरेच तर टोकाला बिजागरी असलेले असतात.

आता हलण्याचा परिणाम बघा. टॉप माउंट १ मिलिमीटर सरकला, तर ६० सेंटिमीटरच्या अंतरावर कँबर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा तिरपेपणा, बदलतो सुमारे ०.१ अंश. खाली बुश दबून बॉल जॉइंट तेवढाच १ मिलिमीटर सरकला आणि टायरॉड (स्टिअरिंगकडून येऊन चाक वळवणारी दांडी) जागच्या जागी राहिला, तर १२ सेंटिमीटरच्या स्टिअरिंग आर्मवर टो बदलतो जवळपास अर्धा अंश. टो बदलला म्हणजे चाकाचं तोंडच वळलं. कँबरच्या एका अंशापेक्षा टोच्या एका अंशाने गाडी कितीतरी जास्त वळते. अलाइनमेंटच्या मशीनवर आपण अंशाच्या दहाव्या हिश्शासाठी डोकं खाजवत बसतो, आणि इथे जीर्ण बुश प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला अर्धा अर्धा अंश उधळत असतो. टॉवरचा पोलादी पत्रा आणि खालचं रबर यांत आधी कोण दबेल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

‘रबर म्हणजे कंपनीची कंजुषी.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने लोअर आर्म हातात घेऊन पाहिलेला दिसत नाही. नेहमीच्या एल आकाराच्या आर्मला दोन बुश असतात आणि ते मुद्दाम वेगळे केलेले असतात. पुढचा लहान आणि कडक. बाजूचा जोर मुख्यतः तो घेतो. मागचा मोठा, आणि रबरात बहुधा चंद्रकोरीसारख्या पोकळ्या. चाक खड्ड्यात आदळलं की याच पोकळ्या आर्मला थोडं मागे जाऊ देतात. तुटकं रबर समजून ज्या फटी लोक भरायला निघतात, त्या डिझाइनच्या असतात. काही गाड्यांत तर बुशच्या आत द्रव भरलेला असतो, आणि तो साध्या बुशपेक्षा महाग पडतो. पैसे वाचवणारी कंपनी असं कशाला करेल?

रबरी बुशचं कामही वेगळ्या तऱ्हेने चालतं. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की ते घसरत नाही, पिळतं आणि परत येतं. पॉली तसं चिकटवलेलं नसतं, ते आतल्या नळीवर घसरतं. म्हणून त्याला ग्रीस लागतं. ग्रीस संपलं, धूळ शिरली, की प्रत्येक स्पीडब्रेकरला कुईं-कुईं. शिवाय मूळ रबराचा कडकपणा शोअर ए मापावर साधारण ५० ते ७०, तर पॉलीचा ८० ते ९५. इतक्या कडक वस्तूला फक्त आपल्या अक्षावर फिरायला सांगितलं तर ती उत्तम काम करते. अँटी-रोल बारचे डी आकाराचे बुश, आर्मचा पुढचा बुश अशा जागी पॉली जरूर टाकावं. स्टिअरिंगमधला फरक तिथे खरोखर जाणवतो. पण मागच्या ट्विस्ट बीमचे बुश एकाच वेळी दोन-तीन दिशांना पिळत असतात. तिथे पॉली अडकतं, सस्पेन्शन मोकळं हलत नाही, सगळा ताण ब्रॅकेटवर येतो आणि ओल्या रस्त्यावर मागचं अंग अचानक सुटू शकतं. ‘सगळे बुश पॉलीचे’ हा सल्ला त्यामुळे नुसता खर्चिक नाही, धोक्याचाही आहे.

आणि आयुष्यभर? पॉलीयुरेथेनच्या दोन मुख्य जाती आहेत. पॉलिएस्टरवर आधारलेली जात ओलाव्यात हळूहळू विघटित होते, पॉलिईथरवाली टिकते. कोकणात चार महिने भिजणाऱ्या गाडीला हा फरक महत्त्वाचा आहे, आणि पाकिटावर नुसता रंग छापलेला बिननावाचा बुश यातला कोणता, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

‘स्टिअरिंग हातालाच सांगेल’, यावर वाद घालण्यापेक्षा परीक्षा घ्या. ब्रॅकेट टॉवरवर तसेच राहू देत. मधली दांडी मित्राला कधी लावायला, कधी काढायला सांगा. बोनेट बंद, तुम्हाला काही न सांगता. मग तोच रस्ता, तोच वेग, टायरमध्ये तेवढीच हवा. ओळखता आलं तर बार तुमचा. बहुतेकदा होतं असं, की बार लावायच्या दिवशीच अलाइनमेंट होतं, हवा भरली जाते आणि श्रेय दांडीला मिळतं.

स्पोर्ट मॉडेलचा मुद्दा मात्र मला आवडतो, कारण तो मेसेजच्याच अंगलट येतो. होंडाने डीसी२ इंटेग्रा टाइप आरला स्ट्रट बार दिला, हे खरं. त्याच गाडीत बॉडीला जादा मजबुती होती आणि स्प्रिंग, शॉक, अँटी-रोल बार हेही सगळं वेगळं होतं. बार शेवटचा मसाला म्हणून पडला. छत नसलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. छत नाही म्हटल्यावर बॉडी खरोखरच पिळते. माझ्दाने एमएक्स-५ च्या १९९४ च्या मॉडेलला सीटच्या मागे आडवी मजबुती दिली. अमेरिकेत कुणा मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये जुनी मियाटा (एमएक्स-५ चं तिकडचं नाव) उभी असेल, तर ब्रेसवर, म्हणजे बॉडीच्या अशा जादा मजबुतीवर, खर्च करायला माझी काहीच हरकत नाही. छप्परवाल्या स्विफ्टला तो तर्क लागू होत नाही. उलट एका बाजूने ठोकर बसली, तर बार तो धक्का दुसऱ्या टॉवरपर्यंत पोचवू शकतो आणि डेंटिंगवाल्याचं काम दुप्पट होतं.

मग पैसे कुठे घालायचे? गाडी ६०-७० हजार किलोमीटर फिरली असेल, ब्रेक मारताना एका बाजूला ओढत असेल, खड्ड्यात खट् खट् वाजत असेल, टायर आतल्या कडेने खात असेल, तर ती जॅकवर घ्या, खाली घोडी लावा आणि आर्मला टॉमीने (लोखंडी कांबीने) रेटून बघा. रबराला चिरा दिसल्या, आतली नळी मधून सरकलेली दिसली, तर तिथे कंपनीचेच नवे रबरी बुश. गाडी पुन्हा नवी वाटते, आणि निम्म्या लोकांची हौस इथेच भागते. त्यातून घाटात अजून धार हवी असेल, तर चांगले टायर, मग निवडक जागी पॉली, मग अँटी-रोल बार. ब्रेसिंगची पाळी त्यानंतर, आणि तीही आधी खालच्या सबफ्रेमकडे (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट); जोर तिथे येतो.

बुश बसवताना एकच गोष्ट उभं राहून बघा. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर टेकलेली, गाडीचं वजन सस्पेन्शनवर असताना. गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळला, की रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा कोरा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. मग तोच मालक ग्रुपवर येऊन लिहितो, कंपनीचं रबर बोगस आहे.