‘संशोधन हे सिस्टरांचे काम नव्हे’ हा दावा का टिकत नाही

लहान मुलांच्या आपत्कालीन उपचारांविषयी एक मत रुग्णालयांच्या बैठकांपासून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत वारंवार मांडले जाते. त्याचा आशय असा, की संशोधन वाचून उपचार ठरवणे हे डॉक्टरांचे काम असून परिचारिकेने सांगितलेले औषध वेळेवर द्यावे. चांगले संशोधन डॉक्टरांमार्फत आपोआप रुग्णापर्यंत पोहोचते. डॉक्टर येण्याआधी परिचारिकेने काही सुरू करणे धोक्याचे असते. आणि याहून वेगळे काही करणे श्रीमंत देशांनाच परवडते. हे मत अनेकजण मुलांच्या काळजीपोटीच मांडतात, हे मला मान्य आहे. तरीही यातले एकही विधान पुराव्यापुढे जसेच्या तसे उभे राहत नाही.

पहिले विधान कामाचा प्रत्यक्ष क्रमच विसरते. कॅज्युअल्टीत आणलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी परिचारिका पाहते. ती वजन किलोत नोंदवते, पूर्ण एक मिनिट श्वास मोजते, हात गार लागतात का पाहते, नख दाबून सोडते आणि तिथला रंग परत यायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो का हे तपासते. आलेल्या मुलांतून गंभीर मुले आधी ओळखण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ईटॅट’ या पद्धतीत गार हात आणि उशिरा परतणारा रंग ही लक्षणे सांगितली आहेत, आणि मुलाला रांगेत थांबवायचे की तत्काळ आत घ्यायचे, हे त्यांवरून ठरते. शिवाय पुरावा बदलतो तेव्हा त्याचा पहिला परिणाम तिच्याच हातांवर व्हावा लागतो. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथे ३,१४१ तापाच्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांवर झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. झपाट्याने भरपूर द्रव शिरेतून दिलेल्या मुलांपैकी सुमारे १०.५ टक्के मुले ४८ तासांत दगावली, तर तसे न दिलेल्यांत हे प्रमाण ७.३ टक्के होते. (जुलाबांनी शरीर कोरडे पडलेली मुले या चाचणीत नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष त्यांना लावता येत नाही.) सलाईनचा रोलर किती उघडायचा, हे कागदावर डॉक्टर लिहितात, पण रात्री दोन वाजता तो उघडणारी आणि थेंब मोजणारी व्यक्ती परिचारिकाच असते. सल्ला का बदलला हे तिला कोणी समजावून सांगितले नसेल, तर ती जुन्या सवयीनेच वागेल, आणि त्याचा दोष तिला देता येणार नाही.

संशोधन आपोआप पोहोचते, हा दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याच्या विरोधातला पुरावा सर्वांत स्पष्ट आहे. एक वर्षाखालील बाळांना होणाऱ्या ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे लहान श्वासनलिकांच्या विषाणुजन्य आजारात, सालब्युटामॉल (श्वासनलिका रुंदावणारे औषध), स्टिरॉइड, ॲंटिबायोटिक आणि छातीचा एक्स-रे यांचा नेहमीच्या रुग्णांना फायदा होत नाही, हे बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. तरी ते सर्व सर्रास वापरले जात होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील २६ रुग्णालयांत २०१७ च्या हंगामात याची रीतसर चाचणी झाली. तेरा रुग्णालयांना केवळ मार्गदर्शिका मिळाली. उरलेल्या तेरांत तिच्यासोबत प्रत्येक संबंधित विभागातून एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी निवडून प्रशिक्षित करण्यात आली, आणि आपल्याच विभागाच्या नोंदी तपासून त्या सहकाऱ्यांपुढे ठेवण्याचे काम तिच्याकडे सोपवले गेले. पहिल्या गटात ७३ टक्के बाळांना मार्गदर्शिकेनुसार उपचार मिळाले, दुसऱ्या गटात ८५.१ टक्के. या चाचणीच्या प्रमुख संशोधक लिबी हॅस्केल या ऑकलंडच्या स्टारशिप बालरुग्णालयातील नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः तपासून उपचार ठरवण्याचा अधिकार असलेल्या परिचारिका, आहेत. फरकाचे श्रेय एकट्या परिचारिकांना देता येणार नाही, पण छापील मार्गदर्शिका पुरेशी नसते आणि जोडीतली परिचारिका शोभेसाठी नव्हती, एवढे यातून निश्चित दिसते. ‘छाती भरली आहे, नेब्युलायझर लावा’ असा आग्रह धरणाऱ्या आजीला त्याची गरज का नाही, हे खाटेजवळ उभे राहून तीच पुन्हा पुन्हा सांगत असते.

डॉक्टर येण्याआधी काही सुरू करणे धोक्याचे, या आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे: मनाने औषध देणे निश्चितच धोक्याचे आहे. परंतु डॉक्टरांनी आधीच मंजूर केलेल्या लेखी प्रोटोकॉलनुसार, वजनावरून मोजलेली मात्रा देणे ही वेगळी गोष्ट आहे. कॅनडातील एका बालरुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, दम्याचा मध्यम किंवा तीव्र झटका आलेल्या मुलांना तोंडावाटे स्टिरॉइड देण्याची मुभा ट्रायाजच्या, म्हणजे आलेल्या रुग्णांचा तातडीनुसार क्रम ठरवणाऱ्या, परिचारिकांना देण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६४४ मुलांच्या नोंदी होत्या. औषध साधारणपणे ४४ मिनिटे लवकर मिळाले, सुधारणा २४ मिनिटे लवकर दिसली आणि दाखल करावे लागण्याची शक्यताही घटली. दोन लागोपाठच्या कालखंडांची ही तुलना होती, त्यामुळे तिला यादृच्छिक चाचणीचे, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचणीचे, वजन देता येत नाही. मात्र हे औषध परिणाम दाखवायला काही तास घेते, म्हणून ते लवकर देण्याचा लाभ सहज समजण्यासारखा आहे.

श्रीमंत देशांविषयीच्या शेवटच्या विधानाला मलावीतील ब्लँटायर शहराने उत्तर दिले आहे. तेथील क्वीन एलिझाबेथ सेंट्रल रुग्णालयात दारातच गंभीर मुले निवडून आधी घेण्याचे आणि तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिले गेले, रुग्णांच्या ये-जा करण्याची व्यवस्था सुधारली, आणि दाखल मुलांमधील मृत्यूचे प्रमाण १० ते १८ टक्क्यांवरून ६ ते ८ टक्क्यांवर आले. आपल्याकडचे ओआरएसचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. जुलाबांनी काही प्रमाणात कोरड्या पडलेल्या दहा किलोच्या मुलाला चार तासांत सुमारे ७५० मिलिलिटर ओआरएस चमच्याने पाजायचे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करायचे, हे ‘सलाईनच लावा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांच्या गराड्यात आईकडून करून घेणे, हे परिचारिकेचे काम आहे.

गर्दी आणि अपुरे मनुष्यबळ या अडचणी खऱ्या आहेत, आणि मी त्या नाकारत नाही. पण त्यांच्याइतकीच हानी बदल्यांनी होते: बालविभागासाठी प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरची ड्युटी काही महिन्यांत शस्त्रक्रिया विभागात लागते आणि तिची जागा कोणतेही प्रशिक्षण न मिळालेली नवी सिस्टर घेते. प्रशिक्षित परिचारिकांना त्याच विभागात ठेवणे आणि महिन्यातून एकदा विभागाच्या नोंदी त्यांच्याकडून तपासून घेणे, यासाठी परदेशी निधीची आवश्यकता नाही. रुग्णालयाच्या अधीक्षकांचा आणि मेट्रनचा लेखी आदेश त्यासाठी पुरेसा आहे.