वाडा पाडल्याशिवाय हॉटेल होत नाही, हे खरे नाही

सोलापुरात जुन्या वाड्यांच्या वारसदारांमध्ये एक मजकूर मोबाइलवरून पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: माळवदी वाडा, म्हणजे लाकडावर मातीचे सपाट छत (माळवद) असलेला वाडा, हॉटेलच्या कामाचा नाही. किल्लारीच्या भूकंपात असलीच घरे पडली, शिवाय लाकूड पेट घेते. म्हणून दिंडी दरवाजा आणि दर्शनी भिंत ठेवावी, मागचे पाडावे आणि स्लॅब टाकावा. जे जुने उरेल त्याला सिमेंटचा गिलावा केला की ओल थांबते. वरच्या मजल्यावर खोलीगणिक बाथरूम काढता येते. भिंती जाड असल्याने एसी लागत नाही. सहा महिन्यांत हे सगळे उरकते आणि हेरिटेज हॉटेलचा दर्जाही मिळतो.

हा मजकूर वाचून सागवानी खांब, हस्त (खांबाच्या डोक्यावरचे आडवे लाकूड) आणि तुळया भंगाराच्या भावाने विकल्या जातात, तेव्हा वाईट वाटते. कारण यातले बहुतेक मुद्दे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहेत, आणि जे अर्धे खरे आहेत त्यांतून काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

किल्लारीपासून सुरुवात करू, कारण भीती तिथली आहे आणि ती खोटी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे झोपेतच घराखाली गाडली गेली. पण तिथे नेमके काय पडले? दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत ही खरे तर दोन पातळ भिंती असतात. बाहेरचा थर आणि आतला थर, मध्ये दगडांचे तुकडे व मातीची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड नसेल, तर हादऱ्याने थर सुटतात, भर खाली बसते आणि भिंत फुगून फुटते. त्यातच माळवदावर वर्षानुवर्षे मातीवर माती पडत गेलेली. मुळात वीतभर असलेला थर काही घरांत दीड-दोन फुटांवर गेला होता. दाबलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे 1,700 किलो धरले, तर दीड फुटाचा थर म्हणजे दर चौरस मीटरला साडेसातशे किलोंहून जास्त वजन डोक्यावर.

त्याच गावांत ज्या घरांचे छत भिंतींवर न टेकता लाकडी खांबांवर होते, त्यांतल्या पुष्कळ घरांत भिंती ढासळल्या तरी खण, म्हणजे खांबांमधले छताचे भाग, उभे राहिले. सोलापूरच्या पेठांतले मोठे वाडे बहुतांशी याच पद्धतीचे आहेत: तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या (लहान आडवी लाकडे), कड्यांवर किलच (लाकडाच्या बारीक पट्ट्या). म्हणून पाडायचा निर्णय घेण्याआधी पाहायचे ते हे, की छताचे वजन खांबांवर उतरते की भिंतीवर. पहिले असेल तर वाडा बहुधा वाचतो. दुसरे असेल तर भिंतीला लागून आतून नवे खांब द्यावे लागतात. भिंत पोटातून फुगली असेल, म्हणजे ओळंबा सोडल्यावर उंचीच्या मानाने ठळक फरक दिसत असेल, तर तेवढा भाग दगडांवर क्रमांक टाकून उतरवून पुन्हा बांधावा लागतो. त्याला पर्याय नाही, आणि सगळीच बाजू अशी असेल तर वाडा सोडून द्यावा लागतो, हेही मान्य.

बाकीचे बळकटीकरण अवघड नाही. भिंतीत उभ्या-आडव्या साधारण मीटरभर अंतरावर, एकाआड एक सरकवून, 75 मिलिमीटरची आरपार भोके पाडायची. दगड हलक्या हाताने पहारीने सैल करून काढायचा, हातोड्याचे घाव घालायचे नाहीत. भोकात दोन्ही टोकांना आकडा केलेली 8 मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचे. हाच तो नसलेला आरपार दगड. खांब आणि तुळई यांच्या कोनात दीड-दोन फुटी तिरप्या सागवानी टेकण्या द्यायच्या, कारण जुना सांधा फक्त कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) आणि खाच यांवर असतो. वरून येणारे वजन तो पेलतो, आडवा धक्का पेलत नाही. सोलापूर 2016 च्या भूकंप संहितेत विभाग 3, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. हे काम इथे शोभेचे नाही.

आता स्लॅबचा मुद्दा, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. “माती जड, स्लॅब हलका” हा समज हिशेबात टिकत नाही. पाच इंची आरसीसी स्लॅब चौरस मीटरला 310 किलोंच्या आसपास जातो. त्यावर पाणी थांबवण्यासाठी चार इंच वीटतुकड्यांचा कोबा आला की आणखी 180 ते 200. म्हणजे पाचशे किलो, जवळजवळ फूटभर मातीइतकेच. आणि हे वजन आता खांबांवर न येता मातीत रचलेल्या भिंतींवर येते, कारण स्लॅब टेकवायला भिंतीतच खाचा पाडतात. त्यात सोलापूरचे ऊन. दहा मीटर लांबीचा स्लॅब 30 अंशांच्या फरकाने तीनेक मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. सिमेंटची भिंत याला थोडाफार विरोध करते; मातीतली भिंत वरच्या टोकाला ढकलली जाते. जुन्या भिंतीवर स्लॅबच्या बरोबर खाली आडवी चीर गेलेली दिसली, की तिचे कारण बहुतेक हेच.

माळवद हलके करण्याची रीत वेगळी. माती खणाखणाने, दोन्ही बाजूंनी सारख्या थरांत काढायची. एका बाजूची सगळी काढून दुसरी तशीच ठेवली तर फ्रेम कलते. त्याआधी तुळयांखाली जॅक लावून आधार द्यायचा. माती निघाली की किलच आणि कड्या उघड्या पडतात. दाभण टोचून पाहायचे. सागाचा गाभा शंभर वर्षांनंतरही दाभण आत घेत नाही. कुजते ते तुळईचे भिंतीत गेलेले टोक, कारण तिथे हवा लागत नाही. तेवढे टोक कापून, तुळईच्या उंचीच्या अडीच-तीन पट लांबीचा तिरपा सांधा घेऊन जुन्या सागाचाच तुकडा बोल्टने जोडायचा आणि भिंतीत बसवताना चारी बाजूंनी दोन सेंटीमीटर मोकळी जागा सोडायची. चांगल्या टोकांनाही ही मोकळीक करून द्यावी. वाळवीचे औषध मारून टोक सिमेंटने लिंपणे हा प्रकार सर्रास चालतो. त्याने ओल आत कोंडते आणि दहा वर्षांचे काम दोन वर्षांत होते, वाळवीचे.

वर पुन्हा माती हवी असेल तर सहा-आठ इंचांपेक्षा जास्त नको. पांढरी माती पाणी अडवते कारण तिचे बारीक कण ओले होताच फुगून आपल्या फटी आपण बुजवतात. पण दर वर्षी मृगाआधी नवा हात द्यावा लागतो, आणि देताना जुना थर तेवढाच खरवडून काढावा लागतो. हे दुसरे काम लोक विसरले म्हणून थर वाढले. हॉटेलला ही देखभाल झेपणार नसेल तर इंचभर सागवानी फळ्या आणि त्यांवर चार इंच वीट-चुन्याचा कोबा घालावा: चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास. थापीने आठवडाभर रोज बडवायचा, नंतर दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली. पन्हळीकडे मीटरला दोन सेंटीमीटर उतार. साणे (उजेडासाठी छतात ठेवलेले भोक) असेल तर ते बुजवू नये. फूटभर उंच कठडा आणि वर काच, एवढे पुरते.

गिलाव्याबद्दल थोडक्यात. दगडमातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतच असते आणि ती भिंतीच्या पृष्ठभागातून उडून जाते. सिमेंटने तो मार्ग बंद केला की ओल वर सरकते. तीन फुटांवर असलेली लोण्याची, म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या क्षाराची पांढरी रेघ सहा फुटांवर जाते आणि छताच्या कडीपाटाला लागते. सिमेंट काढून टाकावे, छिन्नीने, ब्रेकरने नाही. चुना निदान महिनाभर पाण्यात मुरवलेला. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग धुतलेली वाळू, तळच्या पट्ट्यात वाळूतला थोडा भाग सुरखी (विटांची भुकटी). पहिला हात 12 ते 15 मिलिमीटर, दुसरा आठ-दहा, वर तीनेक मिलिमीटरचा घोटलेला. दोन हातांत दहा-पंधरा दिवस जायला हवेत. एप्रिल-मेमध्ये हे काम करूच नये. चुना पकडण्याआधीच वाळतो आणि बोटाने पीठ होऊन पडतो. वर प्लास्टिक पेंट मारला तर सगळी मेहनत फुकट, चुन्याचीच सफेदी हवी.

बाथरूमचा मुद्दा मात्र मजकुरात जितका सोपा आहे तितकाच प्रत्यक्षात कठीण. वाड्याला भूकंपाइतकाच धोका गळणाऱ्या पाइपचा आहे. लाकडी पाटणीवर न्हाणीघर काढू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी भांडणे मिटतात. मागच्या पडवीत किंवा परसात स्वतंत्र पोलादी सांगाडा स्वतःच्या पायावर उभा करावा आणि सगळी बाथरूम एकावर एक त्यात घ्यावीत. खोलीतून तिथे जायला जुन्या खिडकीचे दार करता येते. पाइप भिंतीत गाडू नयेत. उघड्या नळकांड्यात ठेवावेत, म्हणजे गळती त्याच दिवशी दिसते. फरशी घालण्याआधी तीन दिवस पाणी साठवून तपासणी करावी. सोप्याला (ओसरीला) लागून खोल्या असतील आणि मागे जागाच नसेल, तर वरच्या खोल्या कमी कराव्यात. वीस खोल्यांचा आराखडा बारांवर आला तर वाडा टिकतो.

पाण्याचा हिशेब तर इथल्या परिस्थितीप्रमाणेच करावा लागतो. बारा खोल्या, चोवीस पाहुणे, माणशी दिवसाला 180 लिटर, म्हणजे 4,320 लिटर. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते हे धरले तर वीस-बावीस हजार लिटरचा साठा हवा. हे वीस-बावीस टन आहेत. माळवदावर एक हजार लिटरची टाकीसुद्धा ठेवू नये. जमिनीखालची टाकी खणताना ती जितकी खोल तितकी तरी वाड्याच्या पायापासून दूर असावी, नाहीतर पायाखालचा मुरूम ढासळून भिंत खचते. चौकातला आड बुजवला असेल तर आधी तो उपसून पाहावा. पिण्याला नसला तरी फरशा धुवायला आणि बागेला चालतो.

लाकूड पेटते, खरे. पण जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा होत जाते, मिनिटाला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने. आठ इंची तुळई अर्ध्या तासाने प्रत्येक बाजूने दोनेक सेंटीमीटर कमी झालेली असते आणि तरीही वजन पेलते. उघडे पोलाद साडेपाचशे अंशांना निम्मी ताकद गमावते, म्हणून वर सांगितलेल्या सांगाड्यालाही अग्निरोधक लेप हवाच. वाड्यात आग लागते ती वायरीतून. दोन किलोवॉटचा एक गीझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, त्यात एसी. दिव्या-पंख्यांसाठी ओढलेली जुनी वायर ते झेपत नाही, आणि ती किलचावरच्या वाळक्या पाल्याला लागून गेलेली असते. सगळी वायरिंग नव्याने लोखंडी पाइपातून, प्रत्येक खोलीला 30 मिलिअँपिअरचा वीजगळती-खटका, प्रत्येक खोलीत धूरसूचक, स्वयंपाकघर मूळ वाड्याबाहेर. अग्निशमन दाखल्यात खरी अडचण येते ती जिन्याची. भिंतीतला दोन फुटी जिना हॉटेलला चालत नाही, दीड मीटर रुंदीचा दुसरा जिना लागतो. तो परसातल्या नव्या सांगाड्यातच बसवावा.

एसी लागत नाही, हे मार्च-एप्रिलपर्यंत ठीक. मे महिन्यात भिंत दिवसभर साठवलेली उष्णता रात्री आत सोडते. रात्री खिडक्या उघड्या आणि सकाळी नऊच्या आत बंद ठेवल्या तर लहान एसी पुरतो, पण पैसे घेऊन पाहुणा ठेवायचा तर एसी ठेवावाच लागेल. त्याच्या निचऱ्याची नळी भिंतीवर सोडू नये. सगळी काळजी घेऊन त्या एका नळीने चुन्याचा गिलावा उतरलेला असतो.

राहिला दर्जा. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याच्या हेरिटेज वर्गासाठी इमारत 1950 पूर्वीची हवी, निदान निम्मे क्षेत्रफळ त्या काळातले हवे, दर्शनी भागात मोठा बदल नको आणि किमान पाच खोल्या हव्यात. म्हणजे दिंडी दरवाजा ठेवून मागचे पाडले की दर्जाचा हक्कच जातो. मजकूर लिहिणाऱ्याने निदान हे तपासायला हवे होते. घराण्याच्या प्रासादाला नवा उपयोग देणे सोलापूरला नवे नाही. वारद घराण्याचे इंद्रभुवन महापालिकेचे कार्यालय झाले. बाहेरची उदाहरणे हवीत तर उदयपूरचा लेक पॅलेस 1963 पासून आणि राजस्थानातला नीमराणा किल्ला 1991 पासून हॉटेल आहे.

सहा महिन्यांत मात्र होत नाही. आधी एक पावसाळा काहीही न फोडता वाड्यात फिरून गळतीच्या जागा खडूने खुणा करून घ्याव्यात. त्याच काळात सर्व वारसांच्या सह्या आणि भाडेकरूंचा प्रश्न मिटवावा, कारण अर्धवट उघडलेले छत आणि कोर्टाची स्थगिती एकत्र आली तर वाडा एका पावसात जातो. ऑक्टोबरमध्ये माळवद उघडावे, जानेवारीपर्यंत लाकूड आणि भिंती, फेब्रुवारीअखेर चुना, मग वायरिंग आणि नळ. मृगाआधी छत बंद व्हायलाच हवे. होत नसेल तर ताडपत्रीवर विसंबू नये, वादळी वाऱ्यात ती पहिल्याच रात्री उडते. वाड्याला न टेकणारा, स्वतःच्या खांबांवरचा पत्र्याचा मांडव मे महिन्यातच उभा करावा.