टाइल्स बसवण्याआधीचे तीन दिवस

बाथरूमचे नूतनीकरण म्हटले की घरातली सगळी चर्चा टाइल्सचा रंग, नळांची कंपनी आणि आरसा यांभोवतीच फिरते. आमच्याकडेही वेगळे काही नव्हते. मात्र डोंबिवलीतल्या आमच्या तीस वर्षे जुन्या इमारतीतले हे काम पार पडल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की खर्चाचा आणि लक्षाचा मोठा वाटा टाइलखाली जे झाकले जाते त्यावर गेला पाहिजे.

ठेकेदाराने आधी जुन्या लादीवरच नवी टाइल चिकटवण्याचा सल्ला दिला. चार दिवसांत काम, डेब्रिज नाही, सोसायटीची कटकट नाही. परंतु खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला दोन पावसाळे ओल होती, आणि ती भर मे महिन्यातही वाळत नव्हती, म्हणजे पाणी आमच्याच बाथरूमचे होते. लादी उखडल्यावर खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा इतका भिजलेला निघाला की वीट बोटाने दाबली तरी तिचा चुरा होत होता. सांध्यांतून झिरपलेले पाणी सनकन स्लॅबच्या, म्हणजे बाथरूमपुरत्या खाली घेतलेल्या स्लॅबच्या, खळग्यात वर्षानुवर्षे साचत राहिले होते. टाइल बसवली की पाणी अडते हा गैरसमज आहे. तिच्या सांध्यांत भरलेले सिमेंटचे ग्राउटसुद्धा थोडेफार पाणी पितेच.

मग कोबा पूर्ण काढून स्लॅब उघडा केला, तारेच्या ब्रशने घासला, भेगा भरल्या, पाइपांभोवतीची पोकळी पक्की बुजवली आणि भिंत व जमीन जिथे मिळते तिथे काटकोन न ठेवता मसाल्याची गोलाई दिली, कारण पाणी अडवणारे कोटिंग तडकते ते बहुधा त्याच कोपऱ्यात. पॉलिमर-सिमेंटच्या कोटिंगचे दोन हात मारले, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर ते फूटभर चढवले आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत नेले. त्यावर नवा कोबा घालताना मीटरमागे १० ते १५ मिलिमीटर ढाळ नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याकडे, दिला. ढाळ टाइलच्या मसाल्यात काढू, असे गवंडी म्हणतात, ते मला मान्य नाही. मसाला कुठे जाड, कुठे पातळ झाला की टाइल पोकळ वाजू लागते.

खरा वाद झाला तो गळती तपासण्यासाठी पाणी भरून ठेवण्यावरून, आणि तोही कोटिंग झाल्यावर, कोबा घालण्याआधीच. “साहेब, तीन दिवस माणसे बसवून ठेवायची का?” असे ठेकेदाराने विचारले. मी हो म्हणालो. ट्रॅपचे तोंड बंद करून दोन इंच पाणी भरले, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यावरही खूण केली, म्हणजे वाफ होऊन किती गेले आणि झिरपून किती गेले ते कळावे. दुसऱ्या दिवशी बादलीतले पाणी जेमतेम सूतभर उतरले होते, जमिनीवरचे मात्र बोटभर. गळती ट्रॅपच्या गळ्याशी होती. तेवढा भाग पुन्हा खरवडून, भरून, कोटिंग करून पाणी नव्याने भरले.

या दुसऱ्या खेपेला काकू रोज सकाळी आपल्या छताचा फोटो पाठवत होत्या. चौथ्या सकाळी फोटो आला नाही म्हणून मीच खाली गेलो, तर त्या स्टुलावर चढून जुन्या डागावरून हात फिरवत होत्या. “कोरडं आहे,” त्या म्हणाल्या. कोबा त्याच दुपारी सुरू झाला.