अपघात नाव विचारत नाही

डोंबिवलीकर,

माझ्या लेखाखालच्या प्रतिक्रियेत 'एक डोंबिवलीकर' एवढीच सही तुम्ही केलीत, म्हणून तीच हाक मारते. ऑक्टोबरमधल्या काश्मीर सहलीवरच्या माझ्या लेखात मी २०२२ साली देशात रस्ते अपघातांत गेलेल्या १,६८,४९१ माणसांचा आकडा दिला होता आणि वर टोमणाही मारला होता, की पहलगामला घाबरणारे आपण एक्स्प्रेसवेवर खुशाल डुलक्या काढतो. त्यावर तुम्ही दोन गोष्टी सुनावल्यात. एक, 'अपघात नाव-धर्म विचारून होत नाही.' दुसरी, 'तुमच्यासारख्यांचे पैसे त्यांच्याच घशात जातात.'

पहिली मान्य, आढेवेढे न घेता. हिशेब बरोबर होता, पण तो तिथे मांडायला नको होता. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यातले सहा महाराष्ट्रातले, तीन तुमच्या गावचे. भागशाळा मैदानावरची अंत्यदर्शनाची गर्दी मी पुण्यात बसून टीव्हीवर पाहिली, तुम्ही कदाचित त्या गर्दीत असाल. बायकोसमोर नवऱ्याला धर्म विचारून गोळी घातली, हे ऐकल्यावर कुणी टक्केवारी काढत बसत नाही. 'तिथे आपण असतो तर?' एवढंच मनात येतं.

पण भीती आणि धैर्य या शब्दांबद्दल मला थोडं बोलायचंय. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावल्या. सगळ्यांनी मुंबईच्या स्पिरिटचे गोडवे गायले. ते काय होतं हे रोज लोकलला लटकणाऱ्याला मी काय सांगू? हजेरी लागायची होती! नोकरी रद्द करता येत नाही, सहल करता येते. म्हणून पहिला फटका सहलीला बसतो. माझ्या एकटीने फिरणाऱ्या मैत्रिणीला तर बॉम्बची भीती वाटतच नाही. रात्री अकराला स्टेशनवर उतरवणारी गाडी ती घेत नाही, मग तिकीट कितीही स्वस्त असो.

मी गेले यातही शौर्य काही नव्हतं. मे महिन्याचं बुकिंग होतं, टूरवाले पैसे परत द्यायला तयार नव्हते, तारीख पुढे ढकलून देत होते. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं आणि मी त्यांना आग्रह केला नाही. पहलगामच्या हॉटेलात पहिल्या सकाळी आरशासमोर टिकली लावताना माझा हात थांबला. मग लावली. लेखात हे लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं.

दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. त्या २६ जणांत एक स्थानिक घोडेवालाही होता, पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला. 'त्यांच्या' म्हणताना तुम्ही त्याला कुठे बसवणार? हल्ल्यानंतर आठवडाभरात सरकारने काश्मीरमधल्या ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली. पहलगामच्या बाजारात आमच्या घोडेवाल्याने वहीतलं पान उघडून दाखवलं. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात रोजच्या तीन-तीन फेऱ्यांच्या रेघा होत्या, यंदा पानावर दोनच. हप्त्यावर घेतलेला घोडा, त्याला दाणापाणी रोज लागतोच. त्याने भाव वाढवून सांगितला हेही खरं, आणि आम्ही घासाघीस केली हेही.

राग काढायचाच तर तो बंदोबस्ताच्या प्रश्नावर काढू या. बैसरनला गाडी जात नाही, पायी किंवा घोड्यावरूनच जावं लागतं. अशा जागी त्या दिवशी पोलीस का नव्हते? जम्मू-काश्मीरचे तेव्हाचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जुलै २०२५ मध्ये सुरक्षेतली चूक मान्य करून जबाबदारी आपली असल्याचं सांगितलं. पुढे काय बदललं, हे तिकीट काढण्याआधी विचारायचा हक्क तुम्हाला आहे, मलाही.

तुम्ही जाऊ नका, असंच तुमच्या मनात असेल तर नका जाऊ. तुम्हाला भित्रं म्हणणारा माझ्याकडून तरी कुणी नसेल. एक्स्प्रेसवेवरचा तो परिच्छेद मी आज लेखातून काढते आहे. तुमची प्रतिक्रिया मात्र खाली आहे तशीच राहील.