तुरुंगात महिला आरोग्य शिबिर असं घ्या

मागच्या आठवड्यात एका तुरुंगात महिला बंद्यांच्या आरोग्य शिबिराला मदतीला गेलेले. कुठल्या ते सांगत नाही, मला परत आत जायचंय. तर तुम्हालाही हौस असेल तर हे ध्यानात ठेवा.

तारीख 8 मार्चच्या आसपासची धरा. एरवी बायका आजारी पडत नाहीत.

बॅनर आधी, डॉक्टर जमलं तर.

सुरुवात 'चुकलेल्या भगिनींनो' अशी करा. देशातल्या तुरुंगांत चारातले साधारण तिघं कच्चे कैदी, खटलाच संपलेला नाही, पण तुम्ही निकाल देऊन टाका.

विषय रक्तवाढ. खजूर खा, डाळिंब खा, बीट खा असं चाळीस मिनिटं सांगा, ज्यांना ताटात पडेल तेच खायचंय त्यांना. आमच्या पाहुण्या तर म्हणाल्या रोज पहाटे रंकाळ्याला एक चक्कर मारत जा! शप्पथ. संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळीच उघडते आणि ह्या रंकाळा सांगतायत, पुढं बसलेली एक आक्का फिस्सकन हसली तर तिलाच दम. हिमोग्लोबिन 12 च्या खाली नको हे तीनदा सांगितलं, मोजलं कुणाचंच नाही, मशीन गाडीतच राहिलेलं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नका, एवढं एक तरी सांगायचं की, तेवढं त्यांच्या हातात होतं.

प्रश्न शेवटी घ्या, म्हणजे वेळ उरत नाही.

तरी एकजण उठलीच. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मॅडम, अंगावरनं पांढरं जातंय, वास येतोय, दोन महिनं झालं. कुणाला दाखवू?" मॅडम घड्याळ बघत, "स्वच्छता पाळा."

कशानं पाळू ओ? पाणी तुम्ही सोडताय का? फोटोपुरतं पॅडचं एकेक पाकीट वाटलंत, पुढच्या महिन्याचं काय? केंद्र सरकारनं तुरुंगांसाठी काढलेल्या 2016 च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये गरजेप्रमाणे पॅड द्या म्हणून लिहिलंय, उपकार नाहीत ते. बाई कैद्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या बँकॉक नियमांत गर्भाशयाच्या आणि स्तनांच्या कॅन्सरची तपासणी बाहेरच्या बायकांसारखीच आतल्यांनाही मिळावी असं आहे, बाई डॉक्टर मागितली तर होता होईल तो तीच द्यावी असंही आहे. ह्यातलं एक अक्षर बोलला नाहीत तुम्ही. शाल घेतलीत, नारळ घेतलात, ग्रुपवर फोटो टाकलात. जरा तरी लाज वाटू दे. ती बाई अजून उभीच होती, तुम्ही चप्पल घालत होता तेव्हा.

पुढच्या वेळी भाषण नको, एक बाई डॉक्टर आणा. आणि ते मशीन गाडीतनं खाली उतरवा.